हे बटण दाबू नये

पहिल्या ड्राफ्टमध्ये चौघं जण रडत होते, त्यातले दोघं पावसात. पाऊस कुठून आणायचा याचा विचार मी केला नव्हता. रडणं मात्र नीट आखलं होतं. आधी कोण रडेल, नंतर कोण, कुणाच्या गालावरून थेंब ओघळेपर्यंत कॅमेरा थांबेल, सगळं. शेवटच्या वर्षाची फिल्म, मर्यादा बारा मिनिटांची, आणि माझी पटकथा भरली एकोणीस पानं. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा हिशोब पहिल्याच सत्रात शिकवतात. दुःखाची पानं वेगळ्या मापाने मोजत असतील असं मी गृहीत धरलं होतं.

वाचन आमच्या टीमपुढे झालं. टीम म्हणजे मी, कॅमेरावाला, साउंडवाला आणि एडिटिंग करणारी मैत्रीण. वाचून संपलं तरी बराच वेळ कुणी बोलेना. मला वाटलं, सगळे हलले. मग साउंडवाला म्हणाला, "एक विचारू? ही मुलगी दिवसभर करते काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे रडत नसते तेव्हा. दात घासते? कपडे वाळत घालते? का नुसती खिडकीशी उभी?"

मी उसळलो. तुला कळायचं नाही, असं काहीतरी बोललो, आणि ते बोलणं मी अजून त्याच्याकडून परत घेतलेलं नाही. खरं तर त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. माझे बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. टीमला ते माहीत होतं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. पटकथेत मुलाऐवजी मुलगी घेतली होती तीसुद्धा एवढ्यासाठीच, की वाचनाच्या वेळी कुणी माझ्याकडे बघू नये.

आमच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो तो थेट तक्ता घेऊनच. बारा मिनिटांचे पाच भाग केले होते: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. प्रत्येक भागाला एक रंग. शेवटचा अर्थातच पिवळा, त्यात सूर्योदय. मॅडमनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे पाच टप्पे कुणाचे आहेत?"

"शोकाचे."

"ते कळलं. कुणाच्या शोकाचे? जो जातो त्याच्या, की जो मागे राहतो त्याच्या?"

मला हा फरक असतो हेच ठाऊक नव्हतं. त्या रात्री वाचत बसलो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. आपण आता जाणार हे कळलेल्या माणसाचं काय होतं, यावरचं ते काम. मागे राहणाऱ्यांना ते नंतर लावलं गेलं, आणि ते ओळीने येतातच असं नाही हे पुढे त्यांनीही सांगितलं. मी तर माझ्या नायिकेला अडीच-अडीच मिनिटांच्या अंतराने पायऱ्या चढवत गच्चीवर नेऊन उभी करत होतो. तिथे सूर्य उगवायचा आणि ती बरी व्हायची.

मॅडमनी मग जे सांगितलं त्याने माझे पंधरा दिवस खाल्ले. "पटकथा बंद कर. घरातलं माणूस गेल्यावर काय काय करावं लागलं, किंवा करायचं राहून गेलं, त्याची यादी कर. तुझ्या घरातली, इतरांच्या घरातली. भावना लिहायच्या नाहीत. फक्त क्रियापदं."

क्रियापदं. ऐकायला सोपं वाटतं, पण बसलो तर पहिलं पान कोरं. जे सुचत होतं ते सगळं 'वाटलं' या शब्दाने संपणारं. रिकामं वाटलं, अपराधी वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. ते खोडत गेल्यावर मग एकेक खरी वस्तू वर यायला लागली. बाबांच्या चष्म्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, तो पुसला नाही. फॉर्ममध्ये वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन अडतं. त्यांची चप्पल दाराशीच ठेवली, मग कपाटात ठेवली, मग पुन्हा दाराशी आणली, कारण कपाटात बघवेना. ही दाराशी आणलेली चप्पल लिहिली आणि मला पहिल्यांदा वाटलं, हां, हे कुणी अभिनेत्री करू शकेल. दोन हात, एक चप्पल, एक कपाट. संवाद नको, पाऊस नको.

इतरांना विचारताना मी एकच प्रश्न ठरवून घेतला होता: सगळ्यात चमत्कारिक काम कुठलं होतं? 'कठीण' हा शब्द मुद्दाम टाळला. कठीण म्हटलं की लोक गंभीर होतात आणि कुठेतरी वाचलेलं सांगतात. चमत्कारिक म्हटल्यावर एकाने सांगितलं, गाडीचा मागचं दाखवणारा आरसा आठ महिने भावाच्या उंचीला लावलेला होता. तो हलवू नये म्हणून हा मान वाकडी करून गाडी चालवायचा. एकीने सांगितलं, आजीच्या मोबाइलचा पासवर्ड माहीत नसल्यामुळे तिचा सकाळचा अलार्म बंद करता येईना, म्हणून बॅटरी संपेपर्यंत तो रोज वाजू दिला. मग चार्जिंगला लावला. का लावला हे तिला सांगता आलं नाही, आणि सांगताना ती हसत होती. फिल्ममध्ये यातलं काही वापरायचं झालं तर पुन्हा येऊन विचारेन, असं मी दोघांना सांगितलं होतं. शेवटी आरसा-अलार्म दोन्ही वापरलं नाही. दुसऱ्याच्या घरातली चीज आपल्या पात्राच्या हातात दिली की ती वस्तूसंग्रहालयातल्यासारखी दिसते.

याच वाचनात विल्यम वर्डन हे मानसशास्त्रज्ञ भेटले. त्यांनी १९८२ मध्ये शोकाचे टप्पे न मांडता चार कामं मांडली: गेलेलं माणूस गेलं हे मान्य करणं, त्या वेदनेतून जाणं, त्याच्याशिवायच्या जगाशी जुळवून घेणं, आणि चौथं म्हणजे त्याच्यात गुंतलेलं मन तिथून काढून दुसरीकडे लावणं. या चौथ्यावर माझा जीव अडकला, कारण पुढच्या आवृत्त्यांमध्ये वर्डननी तेच बदललं. मन काढून घ्या, हे त्यांचं त्यांनाच पटेना झालं असावं. नव्या मांडणीत त्या माणसाशी टिकणारं काही नातं शोधत पुढच्या आयुष्याला लागायचं. एका अभ्यासकाने आपलंच वाक्य असं दुरुस्त केलेलं पाहून मला जरा धीर आला. माझे तर तीन ड्राफ्ट केराच्या टोपलीत गेले होते.

यादीतल्या एकोणतिसाव्या ओळीवर बटण होतं.

बाबांना लेबलं लावायची सवय होती. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर काळ्या मार्करने सुटं, ठसठशीत अक्षर. चाव्यांना, चार्जरना, फायलींना. बाहेरच्या खोलीतल्या स्विचबोर्डवर ओळीने लिहिलेलं आहे: 'पंखा', 'ट्यूब', 'बाहेरचा', 'बाहेरचाच, दुसरा', आणि सगळ्यात उजवीकडे 'हे बटण दाबू नये'. ते कशाचं आहे हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी भीतीपोटी, मोठेपणी ते दिसेनासं झालं म्हणून. यादी वाचून दाखवताना मी ही ओळ भरभर उरकून पुढे जात होतो, तर तिघं एकदम ओरडले, थांब.

"तू दाबलंयस?" कॅमेरावाला.

"नाही."

"कधीच?"

"लिहिलंय ना, दाबू नये म्हणून."

सगळे हसले. मीही. आणि हसता हसता मला जाणवलं, की बाबांविषयी बोलताना गेल्या दोन वर्षांत मी चारचौघांत हसलो नव्हतो. एडिटिंगवालीने माझ्या वहीत त्या ओळीभोवती गोल केला. फिल्म तिथे ठरली.

त्यानंतरचं काम सोपं झालं असं म्हणवत नाही, पण निदान काम झालं. गोष्ट एका ओळीत बसायला लागली: वडील गेल्यानंतर घरातला जुना स्विचबोर्ड बदलायची वेळ येते, आणि त्यांनी दाबू नये म्हणून लिहून ठेवलेल्या बटणाचं काय करायचं हे मुलीला ठरवावं लागतं. एक घर, एक दुपार, दोन पात्रं: मुलगी आणि इलेक्ट्रिशियन. आई फक्त फोनवर, आणि तिचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.

किती दिवसांनंतरची ही दुपार? आधी मी सहा दिवस लिहिलं होतं. पण सहाव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं, कुणीही बोर्ड बदलायला काढत नाही. एडिटिंगवाली म्हणाली, "लोक विचारायचे बंद झाल्यावर दाखव." म्हणून अकरा महिने. या आकड्यामागे थोडी पळवाटही होती. दीर्घ शोकाला आता आजार म्हणून नोंद आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत तो २०२२ मध्ये आला, आणि प्रौढांसाठी मृत्यूनंतर किमान बारा महिने जायला हवेत अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिने. नुसते महिने मोजून कुणी आजारी ठरत नाही, रोजच्या जगण्यात मोठा अडथळा यावा लागतो. तरीही माझ्या नायिकेकडे बघून प्रेक्षकाने 'हिला डॉक्टरकडे न्या' असं म्हणू नये, इतपत काळजी मला घ्यायची होती. ती कामाला जाते, बिलं भरते, मैत्रिणींशी बोलते. फक्त बोर्डाच्या उजव्या टोकाकडे तिचा हात जात नाही.

प्रसंगांचा क्रम लावताना सगळ्यात उपयोगी पडली ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांची १९९९ सालची मांडणी. त्यांचं म्हणणं असं, की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, दुसऱ्या बाजूला नव्याने येऊन पडलेली कामं, नव्या भूमिका. एकीकडून दुसरीकडे आणि पुन्हा परत, आणि ही ये-जा हेच सावरणं. झोपाळाच म्हणा ना. मी प्रसंग पत्त्यांसारख्या कार्डांवर लिहिले होते. ती सगळी जमिनीवर पसरून निळ्या खुणेची, म्हणजे बाबांकडे ओढणारी, आणि हिरव्या खुणेची, म्हणजे कामाकडे ओढणारी, अशी लावून बघितली. पहिल्या सहा मिनिटांत सगळं निळं, नंतरच्या सहांत सगळं हिरवं. माझा पाच रंगांचा तक्ताच दोन रंगांत परत आला होता. मग पत्ते पिसावेत तशी ती मिसळली. मुलगी बोर्डाचं माप सांगते, मग 'बाहेरचाच, दुसरा' वाचताना अडखळते. मग इलेक्ट्रिशियनशी घासाघीस करते. मग तो पावतीपुस्तक काढून विचारतो, "कुणाच्या नावाने करू?" आणि तिच्या तोंडून सवयीने बाबांचं नाव जातं.

हा पावतीचा प्रसंग मी अर्ध्या मिनिटात लिहिला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. इलेक्ट्रिशियन नाव लिहून मोकळा होतो. ती दुरुस्ती करत नाही. त्याला काही कळत नाही, आपल्याला कळतं. इथे तिच्या चेहऱ्यावर काय हवं, यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. मला डोळ्यांत पाणी हवं होतं, निदान चमक. कॅमेरावाल्याने मला कुलेशोव्ह सुनावला. शंभर वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाटीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला, आणि बघणाऱ्यांना तो कधी भुकेला, कधी शोकाकुल दिसला, ही गोष्ट आम्ही परीक्षेत उत्तर म्हणून लिहिली होती, दहा मार्कांना. "मग आपल्यालाच का विश्वास नाही तिच्यावर?" तो म्हणाला. "पावतीवरचं नाव दाखव, मग तिचा कोरा चेहरा दाखव. पाणी प्रेक्षक आणेल." मी हरलो. हे हरणं मान्य करायला मला एक आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मी पटकथेत हळूच 'तिचा श्वास अडकतो' अशी ओळ घातली होती, तीही पकडली गेली.

ती हसते तो प्रसंग मात्र माझा. इलेक्ट्रिशियन टॉर्च तोंडात धरून लेबलं वाचत जातो, "बाहेरचा, बाहेरचाच दुसरा... वा, आणि हे काय, दाबू नये?" आणि ती खळखळून हसते. मग तोंडावर हात ठेवून आत जाते आणि नळ सोडते. नळ चालू, दार बंद, आपण बाहेरच. आत ती रडतेय की हसतेय हे मी ठरवलेलं नाही. ठरवायचंही नाही असं ठरवलं.

आईला विचारणं मी शक्य तितकं लांबवलं. पटकथा पक्की होत आली तरी तिला सांगितलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "घरी वाचलं का?" मी विषय बदलला. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "ती तुझ्या एकट्याच्या बाबांची गोष्ट नाही." मग एका रविवारी आईसमोर बसून सगळं सांगितलं. तिने वर्तमानपत्राच्या घड्या घालत ऐकलं.

"दाखव," ती म्हणाली. "पण त्यांचं अक्षर नको."

"बरं." थोडं थांबून मी विचारलं, "आई, तुला माहितीये का ते कशाचं आहे?"

"काय?"

"ते बटण."

"हो," ती म्हणाली, आणि घडी घालत राहिली. मी पुढे विचारलं नाही. ती सांगायला तयार होती की नव्हती, तेही मला कळलं नाही.

बाबांचं अक्षर नको म्हटल्यावर मी ते स्वतः काढायला बसलो. हा मूर्खपणा होता. म्हणजे मूळ पट्टी वापरायची नाही, पण तिच्यासारखी हुबेहूब करायची, यात आईचा शब्द पाळला असं मी स्वतःला पटवत होतो. पांढरी पट्टी, तोच काळा मार्कर. 'ब' जमला. 'ट' जमला. 'दाबू' मधला ऊकार काही केल्या जमेना. त्यांचा खाली जाऊन थोडा परत वर वळायचा, जसं काही वाक्य अजून संपायचंय. चाळीसेक पट्ट्या झाल्या. टेबलभर 'हे बटण दाबू नये' चिकटलेलं. एडिटिंगवाली आत आली, तिने टेबल पाहिलं, माझ्या हातातला मार्कर घेतला आणि तिच्या स्वतःच्या गोल, शाळकरी अक्षरात एक पट्टी लिहून भिंतीला लावली. "ही तिच्या बाबांची," ती म्हणाली. "तुझे बाबा घरी राहू देत."

मला तेव्हा वाटलं ती सहज बोलली. पण त्या पट्टीनंतर मी नायिकेला दुरुस्त करणं सोडून दिलं. आधी ती काही करायला गेली की मी म्हणायचो, छे, आपण असं नव्हतं केलं. आता तिचे बाबा गोल अक्षराचे होते. ते कदाचित जास्त बडबडे असतील, विनोदी असतील. ती माझ्यापेक्षा धीट असेल.

उरला शेवट. पहिल्या शेवटात ती बटण दाबते आणि कुठेतरी एक दिवा लागतो. मॅडमनी तो वाचून चष्मा काढला आणि डोळे चोळले, आणि ते भारावून नव्हतं. दुसऱ्या शेवटात ती दाबते आणि काहीच होत नाही. तो जरा बरा होता, पण त्यात बाबा थट्टेखोर ठरत होते आणि बटण म्हणजे एक फसवा विनोद. तिसऱ्यात ती दाबतच नाही, कॅमेरा मागे सरकतो. तिसरा शेवट प्रत्येक विद्यार्थ्याच्या फिल्मला असतोच.

मी अडकलो तेव्हा साउंडवाला म्हणाला, "तू इलेक्ट्रिशियनला विचारलंस का?" इतके महिने इलेक्ट्रिशियनचे संवाद लिहित होतो आणि एकाही इलेक्ट्रिशियनशी बोललो नव्हतो. इमारतीत काम करायला आलेल्या एका काकांना गाठलं आणि विचारलं, जुना बोर्ड काढला आणि एक वायर कुठून येते, कशाला जाते ते कळलंच नाही, तर काय करता? त्यांना प्रश्न फार बाळबोध वाटला.

"मेन बंद करायचा, टेस्टर लावून बघायचं. मग टोकाला टेप मारायची आणि आत सारायची."

"कापून नाही टाकत?"

"कशाला? भिंतीत गेलीय ती. लागली उद्या तर? टेप मारून आत राहू द्यायची. नवीन बोर्डात तेवढी जागा रिकामी राहते, तिथे डमी लावतो."

डमी म्हणजे बटणाच्या मापाची कोरी प्लेट. मी हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने लिहून घेतलं, आणि बाराव्या पानावर तसंच्या तसं उतरवलं. वायर हातात धरून तो म्हणतो, "ही कुठे जाते कळत नाही. भिंतीत जातेय." ती विचारते, "मग?" तो टेप मारतो, आत सारतो, डमी बसवतो. मग ती नव्या बटणांसाठी पट्टी कापायला घेते. 'पंखा' लिहिते. 'ट्यूब' लिहिते. तिचं अक्षर वेगळं आहे. डमीवर काही लिहायचं की नाही यावर कॅमेरावाला अजून नाराज आहे; त्याला जुनी पट्टी डमीवर चिकटवलेली हवी होती. मी नाही म्हटलं. जुनी पट्टी ती कुठे ठेवते हे दाखवायचं नाही, पण टाकलेलीही दाखवायची नाही.

बाकीची तयारी भरभर झाली, कारण ती साधी होती. उघड्या बोर्डाशी अभिनेत्रीला काम करायला लावायचं तर त्यात करंट नको, म्हणून प्लायवूडवर दोन खोटे बोर्ड बनवले, एक जुना, एक नवा. शूटिंगचे तीन दिवस. रेकीच्या, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघून यायच्या, दिवशी साउंडवाल्याने खोलीचा रूम टोन घेतला. एडिटिंगमध्ये संवादांच्या फटी भरायला त्या खोलीची स्वतःची शांतता लागते, म्हणून मिनिटभर सगळ्यांनी पुतळे होऊन उभं राहायचं असतं. उभे राहिलो. तिसाव्या सेकंदाला कॅमेरावाल्याचं पोट गुरगुरलं आणि सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं. जुन्या बटणाचा 'खटक' आणि नव्याचा बारीक 'टिक' हे आवाज साउंडवाल्याने वेगवेगळे टिपून ठेवले आहेत. शेवटच्या कट-टू-ब्लॅकनंतर, म्हणजे पडदा काळा झाल्यावर, टिक ऐकू यावा, असं त्याचं म्हणणं आहे. मला ते पटतंय, पण अजून त्याला तसं सांगितलेलं नाही.

अभिनेत्रीबरोबरची तालीम परवा झाली. तिला मी विचारलं, ते बटण कशाचं आहे असं तुला वाटतं? ती म्हणाली, "मी ठरवलंय. पण तुला सांगणार नाही." मग तिने सुरुवातीचा प्रसंग करून दाखवला. इलेक्ट्रिशियन यायच्या आधी ती घर आवरते, एवढंच मी लिहिलं होतं. तिने खुर्चीवरचं फडकं उचललं आणि प्लायवूडचा बोर्ड पुसायला घेतला. डावीकडून एकेक बटण, वरून खाली, सफाईने. उजव्या टोकाला आल्यावर तिने फडक्याची घडी घातली, टोक बोटावर धरलं, आणि पट्टीच्या चारही कडांनी हळूच फिरवलं. पट्टी पुसली नाही. बटणाला हात लावला नाही.

मी तिला हे सांगितलं नव्हतं. सांगणं शक्यही नव्हतं, कारण ते माझ्या यादीतच नव्हतं. आई आमच्या घरातला बोर्ड दर आठवड्याला अगदी असाच पुसते, फडक्याची घडी घालून, कडेकडेने, आणि मी गेली दोन वर्षं त्याच खोलीत बसून ते बघत आलो होतो.

"असं चालेल?" अभिनेत्रीने विचारलं.

मी हो म्हटलं आणि शॉट डिव्हिजनच्या कागदावर सीन एकमध्ये एक क्लोज-अप वाढवला. कॅमेरावाला म्हणाला, वेळ बसणार नाही. मी चपलेचा प्रसंग काढून टाकला.